साध्या मेलमधला कोड जातो कुठे?

इंदूरला रामबागेकडे एका घरी वेबसाइट बनवायचा क्लास चालतो, मुलं बरीचशी आपल्या मराठी घरांतली, आणि रात्री सरांना मेल येतो, "सर माझं टेबल वाकडं का दिसतंय, खाली कोड दिलाय बघा ना." सर मेल उघडतात तर कोड कुठेच नाही, त्याच्या जागी ते वाकडं टेबलच काढलेलं! जीमेलच्या मेनूत 'शो ओरिजिनल' आहे, ते दाबलं की सगळा कोड जसाच्या तसा, लहान-मोठ्याच्या (< आणि >) चिन्हांसकट. म्हणजे पोचलं सगळं, फक्त मेल दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने टॅग, म्हणजे त्या चिन्हांमधे लिहिलेले शब्द, बघितले आणि परस्पर ठरवलं की हे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, आहे.

हे त्याने ठरवायचंच नसतं. प्रत्येक मेलच्या वर आपल्याला एरवी न दिसणाऱ्या ओळी असतात, त्यात एक कंटेंट-टाइपची, आतला मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारी. टेक्स्ट/प्लेन लिहिलंय तर अक्षर न अक्षर तसंच दाखवायचं, टेक्स्ट/एचटीएमएल असेल तरच टॅग पाळायचे. नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मधे माइम नावाने ही पद्धत मांडली, आणि १९९६ च्या नियमांत तर ती ओळच नसेल तर काय धरायचं तेही लिहिलंय, साधा मजकूर!

पण लोक लेबलं चुकीची लावायचे म्हणून सॉफ्टवेअर आतला मजकूर बघून अंदाज बांधायला लागली, याला स्निफिंग म्हणतात, इंटरनेट एक्सप्लोरर हा जुना ब्राउझर सुरुवातीचे २५६ बाइट्स बघून असं ठरवायचा.

ब्राउझरमधे मेल वाचताना आणखी एक भानगड, कारण ते पानच एचटीएमएल असतं. म्हणून साधा मजकूर त्यात घालताना लहानच्या चिन्हाऐवजी अँडचं चिन्ह, एलटी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं, मग ब्राउझर नुसतं चिन्ह दाखवतो, टॅग समजत नाही. हे राहिलं की टॅग गडप, आणि कुणी मुद्दाम स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम, घातली असेल तर ती तुमच्याच लॉगिनमधे चालू शकते, तेव्हा हा प्रश्न फक्त वाकड्या टेबलाचा नाहीये.

आउटलुक एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या मेल सॉफ्टवेअरला तर टॅगही लागत नव्हता. ओळीच्या सुरुवातीला 'बिगिन' हा इंग्रजी शब्द आणि पुढे दोन स्पेस आल्या की पुढचं सगळं त्याला अटॅचमेंट वाटायचं, कारण यूयूएन्कोड या फाइल अक्षरांत बदलून मेलमधे घालायच्या जुन्या पद्धतीत फाइल याच शब्दाने सुरू होते. मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या उपायांत एक हा, की त्या जागी 'स्टार्ट' लिहा! हे मला अजिबात पटत नाही, लिहिणाऱ्याने शब्द का म्हणून बदलायचा, सॉफ्टवेअर बदला ना.

मुलांनी सध्या एवढं करावं, पाठवायच्या आधी प्लेन टेक्स्ट मोड आहे का बघावं, आणि कोड मोठा असेल तर झिप करून जोडावा, झिपमधले टॅग कुठलंही मेल सॉफ्टवेअर पानावर मांडत बसत नाही.