पाटीवरचं वजन, काट्यावरचं वजन

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान जुळवलं आणि 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. मी मात्र आज अमेरिकेतल्या गॅरेजांबद्दल बोलणार आहे. तिथे हा उद्योग करणारे हजारोंनी सापडतात, आणि तिथेच एका मित्राच्या विमानाला मी चार वर्षं शनिवार-रविवार रिव्हेट ठोकले आहेत.

विमान होतं आरव्ही-6. ओरेगॉनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं डिझाइन. अॅल्युमिनियमचा पत्रा, शेजारी शेजारी दोन आसनं. त्यांनी ठरवलेलं कमाल वजन 1600 पौंड, म्हणजे 726 किलो. आता गंमत बघा. अमेरिकन नियमांप्रमाणे अशा हौशी विमानाचा निर्माता कोण, तर ज्याने निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं तो. त्यामुळे कमाल वजनाचा आकडाही तोच ठरवतो. डिझायनर 1600 म्हणतो आणि मालक विमानातल्या पाटीवर बेधडक 1700 लिहितो, असं सर्रास चालतं.

हे जास्तीचे शंभर पौंड येतात कुठून? कसरतींसाठी या विमानाची मर्यादा 1375 पौंड, म्हणजे 624 किलो, आणि त्या वजनाला पंख 6 जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार, सोसतील असं डिझाइन आहे. 624 गुणिले 6, म्हणजे 3,744 किलो. ढोबळमानाने ही पंखांची पुंजी समजा. 726 किलोला भागा, 5.2 जी उरतात. 1700 पौंडांचे होतात 771 किलो, तिथे 4.9. म्हणजे पाटीवर खोडून वाढवलेला आकडा पंखांच्या शिलकीतून वळता होतो. शांत हवेत कळतसुद्धा नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी, तापलेल्या डोंगरावरून जाताना धक्के बसतात तेव्हा ती शिलक लागते. शिवाय वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर धावपट्टी साधारण वीस टक्के जास्त लागते, आणि ज्या वेगाखाली विमान हवेत तरत नाही तो वेगही पाचेक टक्क्यांनी चढतो.

वजन वाढतं कसं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आतल्या प्रत्येक पत्र्याला प्रायमर. चामड्याच्या गाद्या. दुसरा रेडिओ. आवाज कमी करायला फोम. मित्र दरवेळी वस्तू तळहातावर तोलायचा आणि म्हणायचा, “एवढ्याने काय होतंय रे?” शेवटी रंग, तोच सात-आठ किलो.

मग तोलायचा दिवस उजाडला. हँगरची दारं बंद, कारण वाऱ्याची झुळूकही पंखाला उचलते आणि काटा खोटं बोलतो. पुढच्या दोन चाकांखाली दोन काटे. हे शेपटीवर बसणारं विमान, म्हणून शेपटी उचलून लाकडी घोडीवर ठेवली, घोडी तिसऱ्या काट्यावर. कॉकपिटच्या कडेवर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आणला, ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. आकडे मांडले आणि गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, भलताच मागे सरकलेला! दोघंही गप्प. अर्ध्या तासाने ध्यानात आलं की घोडीचे सहा किलो वजा करायचे राहिले होते. सहाच किलो, पण शेपटी चार मीटरांहून लांब, म्हणून एवढ्याशा चुकीने गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर हलला. सगळी मोकळीक मिळून वीसेक सेंटिमीटरांची असते.

रिकामं वजन निघालं 493 किलो. टाक्या भरल्या की 144 लिटर, म्हणजे 103 किलो. 726 मधून दोन्ही वजा केले तर उरतात 130. ऐंशी-ऐंशी किलोची दोन माणसं बसली की 30 किलो वर. म्हणजे 42 लिटर पेट्रोल जमिनीवरच ठेवायचं.

“1700 लिहू या का?” मित्र म्हणाला. मी म्हटलं, वजनाचं एकवेळ कागदावर भागवशील, सामानाचं काय? सामान आसनांच्या मागे आणि टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत. उडताना पुढचं पेट्रोल संपत जातं, मागची बॅग तशीच राहते. विमान हलकं होत जातं आणि गुरुत्वमध्य मागे मागे सरकतो. निघताना हिशोबात बसलेलं विमान उतरताना मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं, आणि असं मागे जड झालेलं विमान सावरणं फार अवघड असतं. म्हणून हिशोब दोनदा मांडायचा: भरल्या टाकीचा आणि उतरतानाचा.

त्याने 1600 च लिहिलं. पॅनेलवर मराठीत चिठ्ठी चिकटवली: ‘दोघं असू तर शंभर लिटर.’

पुढे चाचणीचे तास पुरे झाले आणि पहिला प्रवासी म्हणून माझा नंबर लागला. त्याने वही उघडून वजन विचारलं. मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. त्याने काही न बोलता काटा पायाने माझ्यापुढे सरकवला. बूट, जाकीट आणि कॅमेऱ्यासकट एक्क्याऐंशी भरलो.