अफूचा पास

मंडळी, अफूच्या व्यापाराचा विषय निघाला की आपण थेट चीनला जातो, पण मला आधी माळव्यात थांबायचंय, कारण तो मुलूख होळकर-शिंद्यांचा आणि तिथला माल जहाजावर चढायचा आपल्या मुंबईत.

बंगालकडे ईस्ट इंडिया कंपनीचं काम पक्कं होतं. 1773 पासून मक्ता तिचा, रयतेला आगाऊ पैसे द्यायचे, बोंडांचा चीक पाटणा आणि गाझीपूरला गोळा करायचा, त्याचे गोळे वळून खसखशीच्याच पाकळ्यांच्या थरांत गुंडाळायचे, 40 गोळ्यांची एक पेटी, मग कलकत्त्यात लिलाव. पुढे चीनमध्ये अफूला बंदी, म्हणून तो चोरटा माल न्यायचे खासगी व्यापारी, आणि त्या पैशातून कंपनी चीनचा चहा घ्यायला मोकळी.

माळव्यात मात्र हे जमेना. 1818 नंतर कंपनीने संस्थानांशी करार करून सगळी अफू आपणच घ्यायचा घाट घातला, शिंद्यांनी दाद दिली नाही, आणि व्यापाऱ्यांनी तर पाली, जैसलमेर, कराची असा वळसा घालून तिथून बोटीने दमण गाठलं, कारण दमण पोर्तुगीजांचं. विचार करा, अख्खं वाळवंट पार करूनही परवडत होतं! शेवटी 1830 च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पास काढला, पेटीमागे 175 रुपये भरा आणि सरळ मुंबईतून न्या. तरी माल कराचीकडे जातच होता म्हणून 1835 ला 125 केले. याला सरकारी नियंत्रण म्हणायचं! कोण किती ओढतंय, कुणाचं घर बसतंय, याची चौकशीच नाही, नाक्यावर पैसे पडले की झालं.

याच व्यापारात जमशेटजी जीजीभॉय मोठे झाले, चीनच्या कँटन बंदरातला इंग्रजी अफू-व्यापारी विल्यम जार्डिन याच्याशी त्यांचा घरोबा होता. जेजे हॉस्पिटलच्या पायरीवर मला दरवेळी हे आठवतं, आणि आठवायलाच हवं असं मला वाटतं.

आता दुसरं नियंत्रण बघा. 1839 मध्ये चिनी बादशहाचा अधिकारी लिन झेशू अफू बंद करायला कँटनला आला, त्याने परदेशी व्यापाऱ्यांना, त्यात आपले पारशीही होते, त्यांच्याच वखारींमध्ये साधारण सहा आठवडे कोंडून ठेवलं आणि 20,283 पेट्या बाहेर काढायला लावल्या. हुमेनला समुद्राकाठी मोठे खड्डे खणले, त्यात पाणी, मीठ, मग फोडलेली अफू, वरून चुना, की ते सगळं रटरटायला लागायचं, मजूर ते ढवळत राहायचे आणि मग दार उघडून तो काळा रेंदा समुद्रात सोडायचे. असं तीन आठवडे चाललं. त्यात बंगालची अफू होती तशी आपल्या माळव्याचीही होती.

यावरून इंग्रज आणि चीन यांच्यात युद्ध झालं. 1842 च्या तहात त्या बुडवलेल्या अफूचे 60 लाख डॉलर चीनकडून वसूल केले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि पास लगेच 200 वर गेला, 1845 ला 300, 1847 ला 400.