बोटांनी मोजलेली जमीन

[दृश्य: पहाट. धुक्यातून उघडत जाणारी भातखाचरं. लांबून कोंबड्याची बांग.]

धुकं जरा वर सरकू द्या. गोलो चारा नावाच्या या टेकडीवरून पहाटे खाली पाहिलं की आधी नुसतं पांढरं दिसतं. मग एक बांध दिसतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता लक्षात येतं की हे सगळे बांध एकाच जागी जाऊन मिळतायत. कोळ्यानं डोंगराच्या कुशीत जाळं विणून ठेवावं, तशी ही शेतं.

हे मेलेर. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर, मांगाराई जिल्ह्यात, रुतेंग शहराच्या पश्चिमेला सुमारे 17 किलोमीटरवरचं गाव. कोमोडोचे ड्रॅगन बघायला जगभरातून माणसं लाबुआन बाजोला उतरतात. त्यांतली थोडी इथवर येतात, टेकडी चढतात, फोटो काढतात आणि वाटेला लागतात. त्या फोटोत जाळं छान येतं. पण ते जाळं म्हणजे या गावाचं वाटणीपत्र आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

[दृश्य: जाळ्याचा मध्य, अगदी जवळून. बांधावर उभा एक शेतकरी.]

अशा एका जाळ्याला इथे लिंको म्हणतात, आणि त्याच्या मध्याला लोदोक. नवी जमीन कसायची ठरली की लोदोकात तेनो नावाच्या झाडाच्या लाकडाचा खुंट रोवायचा. आपल्याकडे खळ्याच्या मधोमध तिवडा रोवत, तसाच. लिंको मोठा असेल तर रेड्याचा बळी द्यायचा, लहान असेल तर डुकराचा किंवा कोंबड्याचा. आधी जमिनीची परवानगी, मग वाटणी.

वाटणीला मोजपट्टी नाही. खुंटाभोवती बोटं टेकवायची. एका बोटाच्या रुंदीची जागा म्हणजे एक मोसो. मोसो म्हणजे बोटच! तिथून दोरी ताणत न्यायची ती थेट बाहेरच्या गोल हद्दीपर्यंत, चिचिंगपर्यंत. खुंटापाशी बोटभर असलेली पट्टी कडेला पोचेस्तोवर चांगली ऐसपैस होते. आणि म्हणूनच खुंटापाशी बोट जरासं सरकलं, तर कडेला ती चूक कित्येक पावलांची झालेली असते. हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. त्यासाठी गावात एक मानाचा माणूस असतो, तुआ तेनो. कुणाला किती बोटं द्यायची हे त्याच्या शब्दावर ठरतं.

वाटे सारखे नसतात. गावाचा वडीलधारा तुआ गोलो आणि स्वतः तुआ तेनो यांची बोटं जास्त. मोठ्या घराला जास्त, बाहेरून येऊन राहिलेल्याला कमी. या गोलात समता शोधायला जाऊ नये. पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाटा केवढाही असो, त्याचं निमुळतं टोक मध्याला टेकतंच. कोपऱ्यात ढकललेला, कुणाच्या बांधामागे दडलेला तुकडा इथे कुणाच्याच नशिबी येत नाही, कारण गोलाला कोपराच नसतो.

[दृश्य: ढोलाचं घर. आत टांगलेले ढोल आणि घंगाळासारखी काशाची वाद्यं.]

मांगाराईत एक म्हण आहे: ‘गेंदांग ओने, लिंको पेआंग’. ढोल आत, लिंको बाहेर. गावाचे पूर्वापार ढोल ज्या घरात टांगलेले असतात ते म्बारू गेंदांग, ढोलाचं घर. ज्या गावाला हे घर नाही त्याला लिंको नाही, आणि लिंको नसेल तर घरातल्या ढोलाला अर्थ नाही. जुनी घरं गोल असत, जमिनीपर्यंत उतरलेल्या गवती छपराची. दक्षिणेकडच्या डोंगरात वाए रेबो गावानं तशी सात घरं पुन्हा उभी केली; 2012 साली युनेस्कोनं त्या कामाचा गौरव केला. आत शिरून मान वर करून बघा. मधल्या खांबावरून चहूकडे निघालेले वासे आणि खाली शेतातले बांध, आखणी एकच.

इथली माणसं आपलं जग पाच गोष्टींत सांगतात. राहायला घर, कसायला शेत, भरायला पाणी, पोरांना खेळायला अंगण, आणि नैवेद्य ठेवायला चोम्पांग. चोम्पांग म्हणजे गावाच्या मधोमध रचलेला दगडी चौथरा. लोक कॅथलिक आहेत, चर्चला जातात, आणि चोम्पांगही सोडत नाहीत.

[दृश्य: दुपार. चुलीजवळ बसलेल्या बायका. अंगणात वाळत घातलेली कॉफी.]

घरात मूल जन्मलं की विचारतात, आतलं की बाहेरचं? मुलगा आतला, आता ओने. मुलगी बाहेरची, आता पेआंग, कारण ती लग्न होऊन दुसऱ्या गावाला जाणार. जमीन आतल्याकडे राहते. बापाला वाटलं तर तो लेकीला एखादा तुकडा देतो, त्याला विदांग म्हणतात. तो मायेचा भाग. हक्क म्हणून मागता येत नाही. लावणी, कापणी, मळणी, सगळीकडे बायकांचे हात आहेत. मात्र खुंटाभोवती टेकतात ती बोटं पुरुषांची.

परक्या माणसाला जमीन हवी असेल तर त्याचीही रीत आहे: कापू मानुक, लेले तुआक. हातात कोंबडा, सोबत ताडी, आणि तुआ गोलोच्या दारात जाऊन मागणं घालायचं. चारचौघांसमोर होकार मिळाला की झालं. कागद नाही, साक्षीला गाव. ते साक्षीदार एकेक करून गेले, आणि त्यांच्या नातवंडांत आता वाद लागलेत. दिली होती की नुसती कसायला दिली होती? जमिनीला किंमत आली की हा प्रश्न धारदार होतो. लाबुआन बाजोला विमानतळ वाढला, हॉटेलं आली, आणि ती किंमत रस्त्याच्या कडेकडेनं आत सरकते आहे.

सरकारचा कायदा 1960 चा. जमातीचा सामाईक हक्क तो मान्य करतो, पण अट घालून: हक्क प्रत्यक्षात टिकून असला पाहिजे आणि राष्ट्रहिताच्या आड येता कामा नये. या अटीनं काय काय होऊ शकतं ते मांगाराईनं पाहिलं आहे. मार्च 2004 मध्ये चोलोलच्या बाजूचे कॉफी उत्पादक शेतकरी रुतेंगला जमले. त्यांची कॉफीची झाडं जंगलाच्या हद्दीत येतात म्हणून तोडली गेली होती, माणसं अटकेत होती. पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. तो बुधवार होता. लोक आजही त्याला ‘रक्ताचा बुधवार’ म्हणतात.

आणि गेली काही वर्षं मांगाराईतल्याच पोचो लेओकमध्ये भूगर्भातल्या वाफेवर वीज करायच्या प्रकल्पावरून संघर्ष चालू आहे. वीज हवी, हे तिथलंही कुणी नाकारत नाही. पण पुढे उभ्या राहिलेल्या बायका तीच पाच नावं घेतात: घर, शेत, पाणी, अंगण, चोम्पांग. ज्यांना बोटभरही वाटा मागता येत नाही त्या जमिनीसाठी रस्त्यात आडव्या होतात, हे मला विसरता येत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. बांधावरून एका रांगेत चाललेली माणसं.]

मेलेरची शेतं आज पूर्वीसारखी फिरती राहिलेली नाहीत. पूर्वी रान तोडून, जाळून, भात-मका घेत आणि जमीन विसाव्याला सोडत. पाणथळ भात आला तसे बांध कायमचे झाले, वाटे वारशानं उतरू लागले, एकेका बोटाचे पुन्हा तुकडे पडले. नव्या पिढीच्या हाती स्वतःच्या नावाचे सरकारी दाखलेही येऊ लागले आहेत.

तरी कापणीनंतर पेन्ती येते, त्यांचं नवं वर्ष. त्या दिवशी गाव ढोलाच्या घरातून निघतं. झऱ्यावर जातं, लिंकोत उतरतं. पोरंटोरं, म्हातारे, सगळे त्या अरुंद बांधांवरून एकामागे एक चालत लोदोकापाशी पोचतात. तिथे जमिनीच्या रक्षणकर्त्याला आवतण देतात: चल, घरी जेवायला चल. मग त्याला सोबत घेऊन, गात गात, सगळे परत फिरतात.

[ढोलाचा आवाज. चित्र हळूहळू अंधारात.]