‘लाइन’ म्हणजे काय हो बाई?

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द तुमच्या-माझ्या घरातलाच आहे. सकाळपासून तुम्ही तो दोन-चार वेळा तरी उच्चारला असेल. शब्द आहे ‘लाइन’.

दापोली तालुक्यात बंदराजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासत होते. धड्यातल्या शब्दांचे अर्थ लिहा, हा नेहमीचा प्रश्न, आणि त्यात ‘लाइन’ होता. धड्याखाली अर्थ छापलेले होते: ओळ, रेषा, रांग. सगळ्या वर्गाने त्यातलाच एखादा उतरवला होता. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, ‘दोर’. मी लाल पेनाने काट मारली आणि पुढचा पेपर ओढला.

पेपर वाटले त्या दिवशी तो मुलगा पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आला. धडा वादळात सापडलेल्या होडीचा होता. त्याने एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘द सेलर थ्रू देम अ लाइन.’ म्हणाला, “बाई, बुडणाऱ्याला ओळ टाकून काय करायचं? दोरच टाकायला हवा ना?”

त्याचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते. दोर कधी टाकायचा, कसा टाकायचा, हे तो पाळण्यात असल्यापासून बघत आला होता. मी शब्दाचा अर्थ धड्याखाली शोधला, त्याने तो वाक्यात शोधला. बरोबर तोच होता. मी त्याचा गुण त्याला परत दिला आणि त्या दिवसापासून या शब्दाच्या मागे लागले.

मागे मागे जात राहिलं की हा शब्द एका झाडापाशी पोचतो. लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस, आपण ज्याला अळशीही म्हणतो. जवसाच्या खोडापासून धागा निघतो. त्या धाग्याला लॅटिनमध्ये ‘लिनेआ’ म्हणत, आणि त्यातून इंग्रजीत ‘लाइन’ आला. त्याच धाग्याचं कापड ते ‘लिनन’. कोटाला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून अस्तर म्हणजे ‘लायनिंग’. क्रिकेटच्या नव्या बॅटला मुलं जे लिनसीड तेल चोळतात, ते याच जवसाचं. म्हणजे लाइन मुळात कागदावरची नव्हे. लाइन म्हणजे सूत. त्या मुलाने लिहिलेला ‘दोर’ हाच सगळ्यात जुना अर्थ, आणि धड्याखाली नेमका तोच नव्हता!

आता सुतापासून रेषेपर्यंत शब्द गेला कसा, हे समजायला पुस्तक लागत नाही. गावात कुठे जांभ्याचं घर उभं राहत असेल तर तिथे पाच मिनिटं थांबा. गवंडी पहिल्यांदा काय करतो? दोन टोकांना दोन चिरे ठेवतो आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधतो. मग बोटाने ती दोरी टिचकावून बघतो, सैल तर नाही ना. त्या दोरीला धरून एकेक चिरा बसत जातो. संध्याकाळी दोरी सोडून घेतली तरी भिंतीत ती सरळ रेघ राहते. ताणलेलं सूत म्हणजेच रेषा. रेषेवर मांडलेली अक्षरं म्हणजे ओळ. रेषेवर उभी राहिलेली माणसं म्हणजे रांग. बाप, मुलगा, नातू अशी एकामागे एक माणसं मोजत गेलं की झाली वंशाची लाइन, ‘लिनिएज’. कपाळावरच्या सुरकुत्यासुद्धा इंग्रजीत लाइन्सच.

यात मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला सांगू? आपल्याकडे हाच प्रवास आधीच झालेला आहे. संस्कृतमधलं ‘सूत्र’ म्हणजे धागा. ते सूत्र धरून लाकूड सरळ कापणारा तो सूत्रधार, आणि त्याचाच झाला आपला सुतार. सूत्र म्हणजे नियम झाला, गणितातलं सूत्र झालं. नाटकातला सूत्रधार आला, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन आलं. मनं जुळली की सूत जुळलं. वठणीवर आलेला माणूस सुतासारखा सरळ होतो. लॅटिन माणसाने जवसाचा धागा हातात धरला, आपल्या माणसाने कापसाचा धरला असेल, पण दोघंही धाग्याचा हात धरून सरळपणाकडे, नियमाकडे, नात्याकडे गेले. हे एकदा मुलांना दाखवलं की ‘पार्टी लाइन’ म्हणजे पक्षाचं ठरलेलं धोरण, हे वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर या शब्दाचे अर्थ डोळ्यांसमोर पडलेले असतात. पुळणीवर किंवा खडपात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला बसलेला माणूस पाहा. हातात तंगूस, त्याच्या टोकाला गरी, आणि गरी खाली जावी म्हणून वर शिशाचा तुकडा. गरीला इंग्रजीत हुक, तंगुसाला लाइन, शिशाला सिंकर. ‘ही स्वॉलोड इट हुक, लाइन अँड सिंकर’ असं इंग्रजीत म्हणतात, तेव्हा चित्र हेच असतं. मासा नुसता गळाला लागला नाही, गरी, तंगूस आणि शिसं, सगळंच गिळून बसला. एखाद्याने थाप पुरतीच्या पुरती खरी मानली, असा त्याचा अर्थ. मी हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरची, इंग्रजीच्या तासाला खाली बघणारी मुलं हसली. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं.

जहाजांच्या जगात तर पावलोपावली लाइन आहे. ठरलेल्या मार्गावर नियमाने ये-जा करणाऱ्या जहाजांच्या कंपनीला लाइन म्हणतात, म्हणून तिचं मोठं प्रवासी जहाज ते ‘लायनर’. युद्धात एकामागे एक रांग धरून तोफा डागणारी मोठी जहाजं ती ‘लाइन ऑफ बॅटल शिप’, आणि तेच आखडून ‘बॅटलशिप’ झालं. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी मुलं मोठ्या जहाजांवर काम करतात. ती सुट्टीवर आली की सांगतात, ‘लाइन क्रॉस केली’. तिथे लाइन म्हणजे विषुववृत्त. पहिल्यांदा ते ओलांडणाऱ्याला जहाजावरचे जुने खलाशी भिजवतात, माखतात, समुद्रदेवाचा दरबार भरवतात.

आणि एक लाइन अशी आहे की तिने माणसांचे जीव वाचवले. जहाजाच्या बाहेरच्या अंगावर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते. ती प्लिमसोल लाइन. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले काही मालक जहाजांत वाटेल तेवढा माल भरत आणि ती खलाशांसकट बुडत. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या खासदाराने याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि १८७६ साली ही खूण कायद्याने सक्तीची झाली. पाणी त्या रेघेच्या वर आलं की भार जास्त झाला. खलाशाच्या घरातल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या घरादाराशी जोडलेली आणखी एक लाइन म्हणजे ‘हाय टाइड लाइन’. मराठीत भरतीरेषा. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना निघाली, तिने भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आणला. पुढे २०११ आणि २०१९ साली नियम बदलले, पण मोजायला सुरुवात होते ती त्या रेषेपासूनच. वाडीत घर वाढवायचं असलेल्या माणसाला कचेरीत ‘एचटीएल कुठे येते?’ असं विचारतात, आणि तो गोंधळून जातो. त्याला कुणी सांगतच नाही की उधाणाचं पाणी जिथवर चढतं, ती ही रेषा. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, हे त्याला कॅलेंडर न बघता कळतं. (उधाणाच्या भरतीला इंग्रजीत ‘स्प्रिंग टाइड’ म्हणतात, आणि त्या स्प्रिंगचा वसंत ऋतूशी काही संबंध नाही. पाणी उसळी घेतं, म्हणून स्प्रिंग. तो शब्द पुन्हा कधीतरी.) ज्ञान त्याच्यापाशी आहे, फक्त त्याचं नाव परक्या भाषेत आहे. अशा वेळी इंग्रजी शब्दाचा एक अर्थ उलगडून सांगणं ही मला मोठी मदत वाटते.

रेल्वे आली तेव्हा आणखी अर्थ आले. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ही लाइन बहुतेक ठिकाणी अजून एकेरी. समोरून गाडी येणार असेल तर आपली गाडी स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात, ती लूप लाइन. पुढचा मार्ग मोकळा आहे, अशी पुढच्या स्टेशनची परवानगी म्हणजे लाइन क्लिअर. क्रॉसिंगला गाडी थांबली की डब्यातली आजी विचारते, “लाइन मिळाली नाय वाटतं?” तिने शब्द बरोबर वापरलेला असतो. सरकारी नोकरीत कुणाला बाजूच्या जागी बसवलं तर त्यालाही ‘लूप लाइनला टाकलं’ म्हणतात. रुळांवरचा शब्द कचेरीत गेला.

काही अर्थ आपण स्वतः घडवले आहेत, तेही मला मोलाचे वाटतात. ‘मुलगा कुठल्या लाइनला आहे?’ ‘हॉटेल लाइनला.’ हे इंग्रजी ‘लाइन ऑफ वर्क’च्या जवळचं. पण ‘गाडी लाइनवर आली’, ‘त्याला लाइनवर आणा’, यात आपल्या सुतासारखं सरळ करण्याचीच चाल आहे. पोलिसांच्या घरांची वसाहत ती पोलीस लाइन. आणि विजेला लाइन म्हणणं.

विजेवर थोडं थांबते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडलाही झोडपून गेलं. आमच्याकडे माडपोफळी आडव्या झाल्या, खांब वाकले, तारा अंगणात आल्या. मग दिवसामागून दिवस अंधार. मोबाइलचीही लाइन नाही, बँकेत गेलो तर ‘लाइन नाही’, आणि रॉकेल मिळेल तिथे माणसांची लाइन. एकाच दिवसात एकाच शब्दाचे तीन अर्थ, आणि तीनही चटका लावणारे. लाइनमन खांबावर चढलेला असे तेव्हा खाली अख्खी वाडी उभी राही. कुणी त्याला चहा आणी, कुणी शहाळं. ज्या संध्याकाळी शेजारच्या मुलाने ‘लाइन आली’ म्हणून आरोळी ठोकली, ती आरोळी अजून माझ्या कानात आहे. त्या ‘लाइन’साठी कुठल्याही शब्दकोशातला मराठी शब्द मी सुचवणार नाही.

पण जिथे आपला शब्द नेमका आहे तिथे तो सोडायला मी तयार नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीला इंग्रजीत लाइनच म्हणतात, आपल्याकडे वलणी आहे. नटाने पाठ करायच्या संवादांना इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणतात. आपल्या नाटकमंडळींत नटाला त्याच्या भूमिकेचं बाड हाती देत, ती त्याची नक्कल. ‘नक्कल पाठ झाली का?’ असं विचारत. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते, तिथे नट कथेचं सूत धरून जागेवर बोलतो. ओळ, रेघ, रेषा, रांग, तार, दोरी, वलणी: एवढे शब्द असताना सगळ्यांच्या जागी ‘लाइन’ बसवली, तर पुढच्या मुलांना काळ्या दगडावरची रेघ कशी कळेल?

‘डेडलाइन’बद्दल एवढंच सांगते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. तटाच्या आत एक हलकं कुंपण होतं. ते ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती डेड लाइन. पुढे हा शब्द वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेला आणि शेवटच्या मुदतीला चिकटला. हे वाचल्यापासून मी मुलांना वही देण्याची ‘मुदत’ सांगू लागले.

आता तांडेलाच्या त्या मुलाकडे परत येते. गुण मिळाल्यावर त्याचं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो दप्तरात खरोखरच दोर घेऊन आला. दोन दोर होते. एक बोटाएवढा बारीक, त्याच्या टोकाला वजनदार गाठ. दुसरा मनगटासारखा जाड, त्याचा तुकडाच आणला होता. म्हणाला, “बाई, जाडा दोर लांब फेकता येत नाही. पहिल्यांदा हा बारका फेकायचा. समोरच्याने तो पकडला की याच्या शेवटाला जाडा बांधायचा, मग तो ओढून घेतो.” आणि वर्गाच्या एका टोकाला उभं राहून त्याने तो दोर फेकला. गाठ शेवटच्या बाकावर जाऊन पडली. त्या बाकावरच्या मुलीने झेलला आणि दोन्ही हातांनी ओढून धरला. साठ मुलं बघत होती. मी वाक्य पुन्हा मोठ्याने वाचलं, ‘द सेलर थ्रू देम अ लाइन’. अर्थ सांगावा लागला नाही.

पुढे ते पुस्तक बदललं. माझी प्रत मात्र मी जपून ठेवली आहे. त्या धड्याखाली ओळ, रेषा, रांग यांच्यापुढे निळ्या शाईत चौथा शब्द लिहिलेला आहे, दोर. अक्षर माझं नाही, त्याचं आहे. मीच त्याला लिहायला सांगितलं होतं.

नमस्कार.