शेवटची कधी घेतली?

मंडळी, सुरुवात वणीपासून करतो. यवतमाळ जिल्ह्यातलं वणी. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट ऐन भरात, निर्बंधांमुळे दारूची दुकानं बंद. तिथे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. हात धुवायला दिलेली बाटली पोटात गेली. बातमी वाचून आपण "काय ही माणसं!" म्हणालो आणि पान उलटलं. मीही उलटलं. माझं सगळं लक्ष तेव्हा ऑक्सिजनच्या टाक्यांकडे होतं.

आजच्या पत्रिकेवर 'व्यसनी माणूस आणि साथ' असा विषय छापलाय. मी मात्र व्यसनाचा आजार असंच म्हणणार आहे. कारण मधुमेह असला की साथीत धोका वाढतो, हे आपण चटकन मान्य करतो. व्यसनाचं नाव निघालं की लगेच आपल्यातला न्यायाधीश जागा होतो.

आकड्यांचं बोलू. अमेरिकेत २०२० मध्ये व्यसनाच्या संशोधक नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कोटी तीस लाखांवर लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. कधी ना कधी व्यसनाच्या आजाराचं निदान झालेले लोक त्यात १०.३ टक्के होते. कोविड झालेल्यांमध्ये मात्र तेच १५.६ टक्के निघाले. कोविड झाल्यावर रुग्णालयात भरती व्हावं लागलं ते त्यांच्यातल्या ४१ टक्क्यांना, इतरांमध्ये ३० टक्क्यांना. मृत्यू ९.६ टक्के, इतरांत ६.६. व्यसनाचा आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये तर मृत्यूचं प्रमाण १३ टक्के.

याच अभ्यासातला एक आकडा खूप गाजला. नुकतंच निदान झालेल्यांना कोविड होण्याची शक्यता जवळजवळ नऊपट! हा आकडा मी जरा हात राखूनच घेतो. ज्याचं व्यसन नुकतंच कागदावर आलं, तो दवाखान्यात आलेला माणूस. म्हणजे त्याची तपासणीही होण्याची शक्यता जास्त. जो कधी दवाखान्याची पायरीच चढला नाही, तो या हिशेबात नाहीच. मला काळजी त्याची जास्त वाटते.

आता फुफ्फुसाकडे येऊ. दारू म्हटलं की आपल्याला यकृत आठवतं. पण फुफ्फुसाच्या इवल्या फुग्यांमध्ये राखणदार पेशी असतात, आत आलेले जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं रोज दारू घेणाऱ्याच्या या पेशी सुस्तावतात. फुफ्फुसाच्या आतल्या ओलाव्यात ग्लुटाथायोन नावाचं एक रक्षक द्रव्य असतं, तेही आटतं. १९९६ साली अमेरिकेत ३५१ अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात दारूचा इतिहास असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना एआरडीएस झाला, म्हणजे फुफ्फुसं पाण्यानं भरून निकामी होणं. बाकीच्यांपैकी २२ टक्क्यांना. लक्षात घ्या, कोविडच्या चोवीस वर्षं आधी ही गोष्ट छापून आलेली होती.

अफूच्या जातीच्या पदार्थांचं काम वेगळं. ते श्वासाची गतीच मंद करतात आणि खोकला दाबतात. न्यूमोनियात खोकणं हीच तर शरीराची झाडू.

तंबाखूची कथा गमतीची आहे. एप्रिल २०२० मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दिसलं की भरती रुग्णांत धूम्रपान करणारे फारच कमी आहेत. मग निकोटिन संरक्षण देतं की काय, अशी चर्चा सुरू झाली. इतकी, की फ्रान्स सरकारला निकोटिनच्या पट्ट्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. पुढे कळलं की धूम्रपान करणाऱ्यांना आजार जास्तच गंभीर होतो. याच धाटणीचा दुसरा एक निबंध तर एका नियतकालिकानं मागे घेतला, कारण लेखकांनी तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध सांगितले नव्हते. पण सुरुवातीला आकडे इतके कमी का दिसले? एक साधं कारण असं, की धापा टाकत आलेल्या माणसाला सिगारेट ओढता का हे विचारायला तेव्हा कुणाला सवड होती? रकाना कोराच राहायचा.

आपल्याकडे तर ओढण्यापेक्षा चघळणं जास्त. तंबाखू तळहातावर मळायची, चुना लावायचा, चिमूट शेजाऱ्याला द्यायची, मग थुंकायचं. साथ पसरायला एवढ्या सोयी दुसरीकडे मिळणार नाहीत. पण फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' एवढाच प्रश्न. खर्रा खाणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो.

लस आल्यावरचा अमेरिकेतला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. दोन्ही डोस झालेल्या पावणेसहा लाखांवर लोकांत व्यसनाचा आजार असलेल्या सात टक्क्यांना तरीही संसर्ग झाला, इतरांना ३.६ टक्के. मग संशोधकांनी सारखेच इतर आजार आणि सारखीच बिकट सामाजिक परिस्थिती असलेल्यांशी तुलना केली, तेव्हा गांजा वगळता हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे बाटलीइतकाच दोष बाटलीभोवती साचलेल्या आयुष्याचा. खराब झालेलं हृदय, दाटीवाटीची खोली, तुटलेली माणसं.

आता माझ्या वॉर्डातली गोष्ट. पन्नाशीतले एक गृहस्थ, भरती होऊन तिसरी रात्र. ऑक्सिजन त्र्याण्णव, बरं चाललेलं. अचानक मास्क ओढून काढायला लागले, चादरीवरून न दिसणाऱ्या मुंग्या वेचायला लागले. मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय असं धरून आम्ही तो वाढवला. काही फरक नाही. सिस्टरांनी हातांची थरथर आणि घाम पाहिला आणि म्हणाल्या, "सर, हे दारू सुटल्याचं दिसतंय."

घरी फोन लावला. बायको म्हणाली, "छे हो, लग्नकार्यात कधीतरी." मागे माणसांचे आवाज येत होते. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला, बहुतेक गच्चीवरून. "डॉक्टर, रोज घेतात. वीस वर्षं झाली. शेवटची शनिवारी रात्री." तो मंगळवार होता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-चार दिवसांत हा भ्रम येतो, जीवही जाऊ शकतो. त्यावरची औषधं गुंगीची, म्हणजे श्वास आणखी मंदावणारी, आणि समोर आधीच धाप लागलेला माणूस. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आणि थोडं औषध देऊन हे टाळता आलं असतं. ते वाचले, पण त्या रात्री आमची फार ओढाताण झाली.

त्यानंतर आम्ही प्रश्न बदलला. 'दारू घेता का?' यावर माणूस 'नाही'च म्हणतो. आम्ही विचारायला लागलो, "शेवटची कधी घेतली?" तेही नातेवाइकांना बाहेर थांबवून. आणि फोनवर असलं तर आधी, "वहिनी, जरा गच्चीवर जाता का?" बहुतेक वेळा उत्तर वारासकट यायचं.