पत्त्याच्या शेवटची शेपटी

मित्रहो, संकेतस्थळांचे पत्ते आपण रोज वाचतो. त्यांच्या शेवटी कधी डॉट एचटीएमएल असते, कधी डॉट एचटीएम, कधी डॉट पीएचपी किंवा डॉट एएसपीएक्स, आणि कित्येकदा काहीच नसते. वाचणाऱ्याला पान मात्र सारखेच दिसते. मग ही शेपटी नेमकी कोणाच्या उपयोगाची, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो: ती पान पाठवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सर्व्हरच्या, उपयोगाची असते, आणि म्हणून वाचकाच्या पत्त्यात तिला जागा असू नये.

एचटीएमएल (वेबपाने जिच्यात लिहितात ती भाषा) आणि एचटीएम या जोडीपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न तोच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची पहिली पाने तयार केली, ती नेक्स्ट या संगणकावर. त्याची कार्यप्रणाली युनिक्सच्या कुळातली होती, तिथे फाइलला लांबलचक नाव देता येत असे आणि टिंब हे इतर अक्षरांसारखेच एक अक्षर होते. त्यामुळे चारही अक्षरे लिहिण्यात अडचण नव्हती. घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचलेले संगणक मात्र एमएस-डॉस या कार्यप्रणालीवर चालत. तिथे डिस्कवरच्या यादीत प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची असे आणि त्यांतले नेमके ११ बाइट नावासाठी राखलेले असत: आठ मुख्य नावाला, तीन शेपटीला. मधले टिंब डिस्कवर साठवलेही जात नसे, ते फक्त पडद्यावर दाखवले जाई. थोडक्यात, एचटीएमएलमधल्या ‘एल’ला बसायला जागाच नव्हती. ज्याने डॉसवरच चालणाऱ्या विंडोज ३.१ वर बसून पान लिहिले, त्याने ते नाइलाजाने डॉट एचटीएम या नावाने जतन केले आणि तसेच सर्व्हरवर चढवले. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि ही मर्यादा सैल झाली. पण तोवर हाताला लागलेले वळण आणि तयार झालेले दुवे तसेच राहिले.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. ब्राउझर एखादे पान मागतो, तेव्हा सर्व्हर पानाच्या मजकुराआधी काही ओळी पाठवतो. त्यांतली एक ओळ ‘कन्टेन्ट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल’ अशी असते. येणारा मजकूर कोणत्या जातीचा आहे, हे ब्राउझर मुख्यतः या ओळीवरून ठरवतो. पत्त्याच्या शेपटीवर तो विसंबत नाही. सर्व्हर मात्र ही ओळ बहुधा शेपटी पाहूनच लिहितो, कारण कोणत्या शेपटीला कोणती जात, याचा तक्ता त्याच्यापाशी असतो. याचा पडताळा घरी घेता येतो. एखादे साधे वेबपान डॉट टीएक्सटी नावाने जतन करून थेट आपल्या डिस्कवरून ब्राउझरमध्ये उघडा. सगळे टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या कंसातल्या खुणा, उघडेवाघडे दिसतील. तिथे मध्ये सर्व्हर नसतो, कन्टेन्ट-टाइपची ओळ नसते, म्हणून ब्राउझरला नावावर भरवसा ठेवावा लागतो.

शेपट्यांची खरी गर्दी झाली ती पाने जागच्या जागी तयार होऊ लागल्यावर. डॉट एसएचटीएमएल म्हणजे पान पाठवण्यापूर्वी त्यातल्या खुणांच्या जागी इतर मजकूर भर, अशी सर्व्हरला सूचना. डॉट पीएचपी म्हणजे आधी ही फाइल पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेकडून चालवून घे आणि जे निघेल ते पाठव. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर हेच काम डॉट एएसपी करी, आणि डॉट नेट नावाचे त्यांचे नवे तंत्र आल्यावर तिथे डॉट एएसपीएक्स आले. पीएचपीची तिसरी आवृत्ती १९९८ मध्ये आली, तेव्हा अनेकांनी फाइलींना डॉट पीएचपी३ अशी नावे दिली. म्हणजे अवजाराच्या आवृत्तीचा आकडासुद्धा वाचकाच्या पत्त्यात जाऊन बसला. ही सूचना सर्व्हरला समजली नाही तर काय होते, हेही लक्षात घ्यावे. सर्व्हर बदलताना पीएचपीची जोडणी करायची राहून गेली, तर फाइल न चालवता तिच्यातला मूळ कोड, आणि त्यात लिहून ठेवला असेल तर डेटाबेसचा पासवर्डदेखील, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पडू शकतो.

मी स्वतः एका वाचनालयाचे संकेतस्थळ एएसपीवरून पीएचपीवर नेण्याच्या कामात होतो. पाने तीच, मजकूर तोच, फक्त शेपटी बदलली, आणि इतरांनी वर्षानुवर्षे आपापल्या लेखांत दिलेले आमच्या सूचीचे दुवे एका रात्रीत मेले. वाचकांची पत्रे आली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की आमच्या कोठीघरातल्या बदलाचा भुर्दंड आम्ही त्यांच्यावर टाकला होता. बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच पत्त्यांतून या शेपट्या वगळण्याचा सल्ला दिला होता, आणि तो आम्ही वाचलेलाही नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

उपाय अवघड नाही. अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये मल्टिव्ह्यूज ही सोय सुरू केली, की पत्त्यात नुसते ‘सूची’चे नाव मागितले तरी सर्व्हर त्या नावाची योग्य फाइल शोधून देतो. इथे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. शेपटी भाषेचीही असू शकते: एकाच पानाची एक फाइल डॉट एमआर आणि दुसरी डॉट ईएन अशी ठेवून, सर्व्हरला त्या खुणांचा अर्थ सांगून ठेवला, तर ज्याच्या ब्राउझरमध्ये मराठीला पहिली पसंती आहे त्याला त्याच पत्त्यावर मराठी पान मिळते. मराठी संस्थांनी ही सोय वापरावी, असे मला मनापासून वाटते. आणि ज्यांचे पत्ते आधीच शेपटीसकट पसरले आहेत, त्यांनी जुन्या प्रत्येक पत्त्यावर ३०१ क्रमांकाचे उत्तर ठेवावे. ‘पान कायमचे इकडे हलले आहे’ असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढची वाट ब्राउझर आपणहून धरतो. आमच्या वाचनालयात आम्ही ते केले, थोडे उशिरा, पण सूचीतल्या एकूण एक पानासाठी केले.