चिठ्ठी डॉक्टरांची, तास समुपदेशकाचा

(दृश्य : समुपदेशनाची खोली. कॅमेरा खाली, पायांच्या उंचीवर.)

आधी पाय बघा. चेहऱ्याकडे नंतर येऊ.

उजवा पाय हलतो, थांबतो, की डावा सुरू. टाच जमिनीला टेकतच नाही. आता ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली आणि बसल्या बसल्या पुन्हा मांडी बदलली. समोरच्या समुपदेशकाने वहीत लिहिलं : ‘चिंता वाढली आहे. मूळ विषय टाळते आहे.’

ही खरी क्लायंट नव्हे. समुपदेशकांना मनोविकारांवरच्या औषधांची ओळख करून देणारा एक प्रशिक्षणवर्ग आहे, आमची ही फिल्म त्याचीच. त्या वर्गातली एक विद्यार्थिनी ही भूमिका करते आहे. खऱ्या सेशनमध्ये आम्ही कॅमेरा नेला नाही, न्यायचाही नव्हता. पण वहीतली नोंद मात्र अस्सल आहे, अशी नोंद रोज कुठे ना कुठे केली जाते. आणि इथे ती चुकली आहे.

(दृश्य : भूमिकेचा कागद, एका ओळीवर बोट.)

कागदावर लिहिलंय : ‘गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी अरिपिप्राझोलचा डोस वाढवला.’ हे वाक्य क्लायंट आपणहून बोलणार नाही, असं तिला बजावून ठेवलेलं आहे. समुपदेशकाने विचारलं तरच सांगायचं. त्याने विचारलं नाही.

या तगमगीला अकाथिसिया म्हणतात. अँटिसायकॉटिक गटातल्या, म्हणजे भास-भ्रमांवर देतात त्या अरिपिप्राझोलसारख्या औषधांनी ती होते, कधी कधी नैराश्यावरच्या गोळ्यांनीही होते. माणूस बेचैन दिसतो, पण विचारांचं काहूर माजलंय म्हणून नव्हे. अंगच एका जागी ठरू देत नाही. ओळखायला दोन साधे प्रश्न पुरतात. बसून राहायचं ठरवलं तर काय होतं? आणि हे औषध बदलायच्या आधी होतं का? वर्गात दुसऱ्या फेरीत हेच प्रश्न विचारले गेले आणि चित्र पाच मिनिटांत पालटलं.

नाही विचारलं, तर आजार बळावला असं समजून डोस आणखी वाढू शकतो आणि तगमगही वाढते. ती असह्य होऊन जीव द्यायचे विचार मनात आलेली माणसं आहेत.

(दृश्य : रिकामी खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ.)

समुपदेशकाने औषधांचं का शिकावं, याचं उत्तर या घड्याळात आहे. औषध देणारा डॉक्टर क्लायंटला काही आठवड्यांनी एकदा भेटतो, तेही थोडा वेळ. समुपदेशक दर आठवड्याला जवळपास तासभर समोर बसतो. हात थरथरतो आहे, जीभ जड झाली आहे, गेल्या वेळी हसणारा माणूस आज सपाट चेहऱ्याने बसला आहे, हे सगळं आधी त्याच्या खोलीत घडतं. ‘औषधं हा आपला विषय नाही’ हे वाक्य आम्ही चित्रीकरणात बऱ्याच वेळा ऐकलं. नम्रपणे म्हटलं जातं. आम्हाला ते पटलेलं नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रुग्णालयाची इमारत, काचेच्या बाटल्या, पिंजऱ्यातले गिनिपिग.)

आता थोडं मागे जाऊ, कारण ही गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ बुंडूरा इथे एक मनोरुग्णालय होतं. तिथले डॉक्टर जॉन केड दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून जास्त काळ जपान्यांच्या कैदेत राहून आलेले. रुग्णालयातली वापरात नसलेली एक कोठीची खोली हीच त्यांची प्रयोगशाळा. उन्मादाच्या (मेनियाच्या) रुग्णांच्या शरीरात एखादं विषारी द्रव्य तयार होत असावं, असा त्यांचा अंदाज. म्हणून त्या रुग्णांची लघवी ते गिनिपिगना टोचत. लघवीतलं युरिक आम्लही टोचून पाहायचं होतं, पण ते पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियमबरोबरचा क्षार घेतला. आणि एरवी धरायला गेलं की धडपडणारे गिनिपिग पाठीवर उताणे केले तरी शांत पडून राहिले.

मूळ अंदाज साफ चुकीचा होता. गिनिपिग शांत नव्हते, लिथियमची मात्रा जास्त होऊन मलूल पडले असावेत, असं पुढे अनेकांनी म्हटलं. पण केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि मग रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण 51 वर्षांचा, पाच वर्षं सतत उन्मादात असलेला. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. 1949 मध्ये केड यांचा निबंध छापून आला. उन्मादावर उपाय म्हणून लिथियमचा आजवर चालत आलेला वापर तिथून सुरू झाला.

पुस्तकांत गोष्ट बहुधा इथे थांबते. खरं तर पुढचा भाग समुपदेशकांसाठी आहे. घरी गेल्यावर त्या माणसाने गोळ्या घेण्यात ढिलाई केली, मग बंदच केल्या. आजार उलटला. पुन्हा रुग्णालय, पुन्हा लिथियम. आणि 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. रक्तातलं लिथियम मोजून डोस ठरवायची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती.

(दृश्य : रक्ताची नळी, प्रयोगशाळेचा अहवाल. मग पाण्याचा ग्लास धरलेला हात, अगदी जवळून.)

आज ते मोजलं जातं. साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर इतकं लिथियम रक्तात असावं लागतं, तीव्र उन्मादात थोडं जास्तही चालतं. 1.5 च्या वर विषबाधेची भीती. म्हणजे कामाचा डोस आणि घातक डोस यांत अंतर फार कमी.

हा हात बघा. पाण्यावर बारीक लहरी उठताहेत, पण सांडत नाही. लिथियम घेणाऱ्या अनेकांना एवढा कंप असतोच. आता दुसरा हात. ग्लास ओठांपर्यंत नेताना पाणी बाहेर येतंय. अशा जाड कंपाच्या जोडीला उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोबडं बोलणं यांतलं काही असेल तर सेशन तिथेच थांबवायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

आणि क्लायंट जाता जाता जे बोलतो, तिकडे कान हवा. ‘पोट बिघडलंय दोन दिवस.’ ‘पाठ दुखत होती, आयब्युप्रोफेन घेतोय.’ शरीरातलं पाणी कमी झालं किंवा अशी वेदनाशामक गोळी चालू झाली, की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. त्याच्या लेखी या गप्पा असतात. डॉक्टरांपर्यंत त्या पोचतीलच असं नाही.

(दृश्य : फळ्यावर आखलेली आठवड्यांची रेघ. खडूचा आवाज.)

वर्गातली शिक्षिका फळ्यावर एक आडवी रेघ ओढते. ही नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांची रेघ. पहिला आठवडा : मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं, थोडी बेचैनी. गुण यायला दोन ते सहा आठवडे. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. दुसऱ्या आठवड्यात क्लायंट म्हणतो, ‘काही उपयोग नाही, उलट जास्तच वाईट वाटतंय’, तेव्हा तो या रेघेवर नेमका कुठे उभा आहे हे समुपदेशकाला कळायला हवं. वय कमी असेल तर जास्तच. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये मुलं आणि किशोरांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दलचा इशारा या गोळ्यांवर छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. म्हणून सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस, यांत आत्महत्येबद्दल स्पष्ट शब्दांत विचारायचं.

रेघेचं दुसरं टोक गोळी सोडण्याचं. पॅरोक्सेटीन किंवा जवळच्याच गटातलं व्हेनलाफॅक्सीन एकदम बंद केलं तर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके. फ्लुओक्सेटीन शरीरातून जायला काही आठवडे घेतं, त्यामुळे त्रास झालाच तर उशिरा आणि सहसा सौम्य. आजार उलटतो तो बहुधा सावकाश, आणि तो उलटताना डोक्यात असे झटके येत नाहीत. दोन्हींतला फरक दर वेळी लख्ख दिसत नाही, पण ‘शेवटची गोळी कधी घेतली?’ या प्रश्नाने बराच उलगडा होतो.

गोळ्या बंद केल्याचं माणसं डॉक्टरांपासून लपवतात आणि समुपदेशकाला सांगतात. का बंद केल्या, हेही. वजन वाढलं. शरीरसंबंधात काही जाणवेनासं झालं. रडू येत नाही तसं हसूही येत नाही. यातलं मधलं कारण तर विचारल्याशिवाय कुणी तोंडावर आणत नाही.

(दृश्य : समुपदेशकाचा चेहरा. क्लायंट म्हणते, ‘मी गोळ्या सुरू केल्यात.’)

इथे आम्ही चित्रफीत थोडी संथ केली आहे. भुवया किंचित वर गेल्या, ओठ आवळले गेले. तो काहीच बोलला नाही, पण क्लायंटला जे कळायचं ते कळलं. गोळी म्हणजे थेरपीची हार, असं मनात धरून बसलेले समुपदेशक कमी नाहीत. सगळं काम गोळीच करते म्हणणारे डॉक्टरही आहेत, पण ते या फिल्ममध्ये नाहीत. ‘तुमचं सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी झालंय’ असंही समुपदेशकाने सांगू नये. नैराश्य इतकं सरळ नाही, आणि कुणाचं सेरोटोनिन कमी आहे हे दाखवणारी तपासणी नेहमीच्या उपचारात नाही.

क्लोनाझेपामसारख्या, चिंता लगेच शमवणाऱ्या गोळ्यांचा मुद्दा चित्रीकरणात निसटला, म्हणून थोडक्यात. भीतीला सामोरं जायचा सराव चालू असताना खिशात ती गोळी असेल, तर निभावल्याचं श्रेय मनात गोळीलाच जातं. तरीही ‘उद्यापासून घेऊ नका’ हे समुपदेशकाने कधीही म्हणायचं नाही. बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते.

त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायच्या गोष्टी आणखी तीन : क्लोझापीन (एक अँटिसायकॉटिक) चालू असताना ताप आणि घसा दुखणं, लॅमोट्रिजिन (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) चालू असताना अंगावर पुरळ, कुठलंही अँटिसायकॉटिक चालू असताना ताप येऊन अंग ताठ होणं.

(दृश्य : टेबलावर पत्राचा कच्चा मसुदा. लाल पेन.)

वर्गाचा शेवटचा तास पत्र लिहिण्याचा. क्लायंटची परवानगी आधी, पत्र नंतर. एका विद्यार्थ्याने लिहिलं : ‘पॅरोक्सेटीन सोडल्याने त्रास होत असून डोस हळूहळू कमी करावा.’ शिक्षिकेने वाक्याचा उत्तरार्ध खोडला. विद्यार्थी हुज्जत घालतो, बरोबरच तर लिहिलंय! बरोबर असेलही, पण ते ठरवणं त्याच्याकडे नाही. दुसऱ्या मसुद्यात त्याने तारीख टाकली, शेवटची गोळी कधी घेतली ते लिहिलं, चक्कर आणि झटके कधीपासून आणि दिवसातून किती वेळा ते लिहिलं, वजन वाढल्यामुळे गोळी सोडल्याचं क्लायंट सांगते हेही लिहिलं. पुढची भेट लवकर मिळेल का, एवढंच विचारलं.

पत्राची एक प्रत क्लायंटच्या हातात द्यायची. दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर फोन करायचा.